बी बाजूचं शेवटचं दीड मिनिट

आमच्या घरी साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या ए बाजूला फ्रेडी मर्क्युरी आहे आणि बी बाजूला राग मुलतानी.

ए बाजू दादाची. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कॉलेजात असताना तो 'क्वीन' ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांनी झपाटलेला होता आणि त्याच्या खोलीच्या दाराला कान लावून मी ती गाणी ऐकत मोठी झाले. १९८६च्या सुरुवातीला त्याच्या एका मित्राच्या काकांनी जर्मनीहून एक एलपी आणली. 'मिस्टर बॅड गाय', क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा पहिला एकट्याचा अल्बम. दादा कोरी कॅसेट घेऊन मित्राकडे गेला, दोन्ही बाजू भरून आणल्या, रात्री एकदा पूर्ण ऐकल्या आणि सकाळी कॅसेट बाबांच्या हातात दिली. "तुम्हाला हवी असेल तर पुसून वापरा," म्हणाला.

बाबांना हवीच होती. आकाशवाणीवर दुपारी एका बाईंचा मुलतानी लागणार होता. बाबांनी रेडिओ-कम-टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली ती नेमकी बी बाजू वर करून. एकवीस-एक मिनिटांचं गाणं झालं, निवेदिकेनं कलाकारांची नावं सांगितली आणि बाबांनी बटण बंद केलं. ए बाजू पुसायची राहिली ती राहिलीच.

दोन-तीन वर्षांनी ती बाजू माझ्या हाती लागली. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. दादा नोकरीसाठी मुंबईला गेला होता, त्याच्या खोलीत मी अभ्यासाला बसायचे आणि हीच एक कॅसेट त्यानं मागं ठेवलेली होती. पाच गाणी. पहिलं नाचाचं, उड्या मारत येणारं. दुसरं 'मेड इन हेवन', तिसरं 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू', मग 'फूलिन अराउंड', आणि शेवटी 'युअर काइंड ऑफ लव्हर'. इंग्रजी शब्द निम्मे कळायचे. पण एक माणूस खूप मोठ्या रिकाम्या दालनात उभा राहून गातोय, आणि दालन रिकामं आहे हे त्याला माहीत आहे, असं मला त्या आवाजातून दिसायचं. मला तो अल्बम अतोनात आवडला, आजही आवडतो. आणि गेली तीस-पस्तीस वर्षं मी त्यावरून लोकांशी वाद घालते आहे.

दादाचं मत पहिल्या रात्री होतं तेच बराच काळ राहिलं. "ह्यात ब्रायन कुठाय?" एवढंच ते मत. ब्रायन मे म्हणजे क्वीनचा गिटारवाला. त्याची गिटार म्हणजे फ्रेडीच्या आवाजाशेजारचा दुसरा गळाच. फ्रेडी प्रश्न विचारणार, ब्रायन उत्तर देणार. जुगलबंदीची सवय लागलेल्या कानाला एकट्याचं गाणं ओकंबोकं वाटावं, तसं दादाला वाटलं. गिटार ह्या अल्बमवरही आहे. ती वाजवली पॉल व्हिन्सेंट नावाच्या जर्मन वादकानं, आणि 'मॅन मेड पॅराडाइस'मध्ये तर ती इतकी ब्रायनच्या वळणाची आहे की अनेकांना तोच वाजवतोय असं वाटतं. पण दादाला ते आणखीच खटकायचं. "नक्कल कशाला? खरा माणूस फोन केला असता तर आला असता."

दादासारखे श्रोते जगभर आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी आता पूर्वीसारखं उडवून लावत नाही. क्वीनमध्ये चौघंही गाणी लिहायचे. फ्रेडीनं काही आणलं की ते तिघांच्या हाताखालून जायचं. कुणी म्हणायचं कडवं लांबलंय, कुणी म्हणायचं इथे ठेका बदल. त्यांची भांडणं प्रसिद्धच आहेत. ह्या अल्बमवरची अकराच्या अकरा गाणी फ्रेडीची एकट्याची. निर्मिती त्याची आणि राइनहोल्ड माक ह्या ध्वनिमुद्रणकाराची. नाही म्हणणारं कुणी नव्हतं. 'फूलिन अराउंड' ऐकताना मलाही वाटतं की क्वीनचा बेसवाला जॉन डीकन, त्यानं हे गाणं शांतपणे बाजूला काढून ठेवलं असतं. पाच गाण्यांच्या माझ्या बाजूवर तेच एक मी कधी कधी पुढे पळवायची.

आणि हे फ्रेडीला ठाऊक नव्हतं असं नाही. अल्बमच्या श्रेयनामावलीत त्यानं ब्रायन, रॉजर आणि जॉन ह्या क्वीनमधल्या बाकी तिघांचे खास आभार मानले आहेत ते ढवळाढवळ न केल्याबद्दल. अल्बम अर्पण केला आहे जेरी नावाच्या मांजराला, शिवाय टॉम, ऑस्कर आणि टिफनी ह्या मांजरांना, आणि विश्वातल्या तमाम मांजरप्रेमींना. बाकीचे सगळे गेले खड्ड्यात, अशा अर्थाचं पुढं एक वाक्य आहे. लोक ते वाचून हसतात. मला मात्र त्यात लाडाकोडानं बोलणारा, घरी फक्त मांजरांशी मोकळा होणारा माणूस दिसतो. तिघांचे आभार मानताना तिघं नाहीत हे तो आधी मोजतो.

हा अल्बम २९ एप्रिल १९८५ला बाहेर आला. मुद्रण झालं म्युनिकच्या म्यूझिकलँड स्टुडिओत, १९८३ ते १९८५च्या सुरुवातीपर्यंत, क्वीनची कामं सांभाळून मिळेल त्या दिवसांत. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत १५९च्या पुढे सरकला नाही. ही दरी ऐकून आपल्याला वाटतं, संगीत तेच, मग असं का? पण कान मोकळा कधीच नसतो. अमेरिकेत रॉक ऐकणाऱ्यांनी नाचाच्या संगीताविरुद्ध जे युद्ध पुकारलं होतं त्याला फार वर्षं झाली नव्हती. जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकं लावून उडवला होता आणि प्रेक्षक मैदानात घुसले होते. त्या युद्धात तबकडी कुणाची, तिच्यावर नाचणारे कोण, हे सगळं आलं. काळ्या लोकांचं, समलिंगी लोकांचं संगीत म्हणून त्याचा तिटकारा करणारे कमी नव्हते. क्वीनचा 'हॉट स्पेस' हा १९८२चा नाचाच्या अंगाचा अल्बम ह्याच भिंतीवर आपटला. फ्रेडीचा एकट्याचा अल्बम त्याच भिंतीकडे आणखी वेगानं धावत गेला, सिंथेसायझर घेऊन, मिशा आणि मांजरं घेऊन.

दादाला मी नेहमी आठवण करून देते की क्वीनचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हेही नाचाचंच गाणं, ह्याच म्युनिकच्या ह्याच स्टुडिओतलं, ह्याच माकच्या हाताखालचं. त्यावर तो म्हणतो, "ते चौघांचं होतं." ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्याचं प्रेम चौघांवर आहे आणि माझं एका आवाजावर.

तो स्टुडिओ बघायला म्हणून मी एकदा गेले होते. म्युनिकला माझी कॉलेजातली मैत्रीण असते. शहराच्या पूर्वेकडे अराबेलाहाउस नावाची लांबलचक उंच इमारत आहे, हॉटेल आणि घरं आणि दवाखाने असं सगळं पोटात घेतलेली, आणि तिच्या तळघरात जॉर्जिओ मोरोडर ह्या डिस्कोच्या संगीतकारानं सत्तरच्या दशकात हा स्टुडिओ उभारला होता. पुढे तिथून भुयारी रेल्वे गेली. गाड्यांची थरथर मुद्रणात उतरायला लागली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओ बंद झाला. आम्ही गेलो तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं. भाजी घेऊन घरी निघालेल्या म्हाताऱ्या बायका आणि पायाखाली दर काही मिनिटांनी येणारी ती बारीक थरथर.

ही मैत्रीण म्हणजे माझी दुसरी विरोधक. तिच्या लेखी हा अल्बम म्हणजे एकच गाणं, 'लिव्हिंग ऑन माय ओन', आणि तेही १९८५चं नव्हे. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. त्यानंतर 'नो मोअर ब्रदर्स' नावाच्या चमूनं त्या गाण्याखालचा ठेका काढून नवा, क्लबातला ठेका घातला, आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. हेच गाणं १९८५ला पन्नासाव्या क्रमांकावर थांबलं होतं. आवाज तोच, एकही सूर नव्यानं गायलेला नाही. फक्त त्याच्याखाली जमीन वेगळी.

आमच्याकडे तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. ते गाणं दिवसातून चार-पाचदा लागायचं. चित्रफितीत फ्रेडीच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाची म्युनिकमधली मेजवानी आहे, काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पिसं, मोत्यांच्या माळा, आणि मधोमध तो. मला हे ऐकल्यावर काय वाटलं ते अजून नीट आठवतं. मला आवाज ओळखू आला, गाणं आलं नाही. माझ्या कॅसेटवर ते नव्हतंच. ते बी बाजूचं गाणं. माझ्या बी बाजूवर मुलतानी होता.

मैत्रिणीचं म्हणणं असं, की एकटेपणाचं गाणं एकट्यानं ऐकण्यात काय अर्थ? पाचशे माणसं एकदम नाचताना ते ऐकावं, तेव्हा त्याचा खरा अर्थ लागतो. म्युनिकमध्ये ती नवीन होती, भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती, आणि एका शनिवारी कुणीतरी तिला नाचायला नेलं आणि हे गाणं लागलं. मधे फ्रेडी शब्द सोडून देतो आणि नुसत्या निरर्थक अक्षरांवर गळा फिरवायला लागतो, आपल्याकडे तराण्यात फिरवतात तसा. "तिथे सगळे त्याच्याबरोबर ओरडत होते. शब्द नव्हते ना, म्हणून मलाही येत होतं," ती म्हणाली. ह्या मतापुढे मी मूळ मुद्रणाची बाजू मांडायचं सोडून दिलं. पण मूळ मुद्रण ऐकाच. त्यातला पियानो घाईघाईनं जिने उतरणाऱ्या माणसासारखा आहे.

आता त्या वादाकडे येते जो दादाचा-माझा सगळ्यात जास्त चालला.

नोव्हेंबर १९९५ला क्वीनचा 'मेड इन हेवन' आला. फ्रेडीनं मागं ठेवलेले आवाज घेऊन उरलेल्या तिघांनी त्याच्याभोवती संगीत बांधलं. शेवटच्या महिन्यांत गायलेली काही गाणी त्यात आहेत, आणि दोन गाणी १९८५च्या ह्या अल्बममधली आहेत, 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'. आवाज १९८५चाच ठेवला. बाकीचं बदललं आणि ब्रायननं गिटार, रॉजरनं ड्रम, जॉननं बेस घातला. म्हणजे दादा दहा वर्षांपूर्वी जे मागत होता ते त्याला मिळालं. १९९६च्या मे महिन्यात तो सुट्टीला घरी आला ती नवी कॅसेट घेऊनच. मला समोर बसवलं. "ऐक आता. असं हवं होतं."

मी ऐकलं आणि मला रडू आलं, पण त्याला वाटलं त्या कारणानं नाही. आवाजाला मी अक्षर न् अक्षर ओळखत होते. कुठे श्वास घेतो, कुठे सूर किंचित खरखरतो, कुठल्या शब्दावर हसू फुटल्यासारखं होतं, सगळं. आणि आता त्या आवाजाभोवती माणसं जमली होती. दालन भरलं होतं. ब्रायनची गिटार डोंगरासारखी उभी राहिली होती. पण फ्रेडीला हे माहीत नव्हतं. तो अजून रिकाम्याच दालनात गात होता. त्याचे मित्र त्याच्या बाजूला येऊन उभे राहिले होते आणि तो त्यांच्याकडे बघू शकत नव्हता.

दादाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, १९८५चं 'मेड इन हेवन' मऊ आहे, सिंथेसायझरच्या धुक्यात विरघळतं. नशिबात लिहिलेलं टळत नाही असं सांगणाऱ्या गाण्याला डोंगराएवढाच आवाज हवा. बहुतेक श्रोते दादाच्याच बाजूचे आहेत, हे मी मान्य करते. ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी दहातले आठ १९९५च्या रूपाला थोर म्हणतात. जपानमध्ये तर 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' २००४च्या एका दूरदर्शन मालिकेमुळे तरुण मुलामुलींच्या तोंडी बसलं, तेही क्वीनचंच रूप.

माझा मुद्दा निराळा आहे. १९९५चं ऐकताना आपण मेलेल्या माणसाचं ऐकत असतो. स्वर्ग हा शब्द आला की पोटात कालवतं. १९८५ला त्या शब्दात स्मशान नव्हतं. अडतीस वर्षांचा, म्युनिकच्या रात्री जागवणारा, प्रेमात पडून पडून दमलेला पण हौस न फिटलेला माणूस म्हणतोय की माझं जे चाललंय ते वरूनच ठरून आलंय, मी काय करू. त्यात थोडी तक्रार आहे, थोडा नखरा आहे. नंतरच्या रूपात तो नखरा ऐकू येत नाही. तो काढलेला नाही, आवाजात जसाच्या तसा आहे. पण त्या गिटारच्या खाली बसून आपल्याला तो ऐकवत नाही. फ्रेडी नखरेल होता, आणि नखऱ्याला जागा लागते. 'मिस्टर बॅड गाय'वर ती जागा आहे. शीर्षकगीतात तर पूर्ण वाद्यवृंद गरगरत वर चढतो आणि त्यावर स्वार होऊन तो स्वतःला वाईट माणूस म्हणवून घेतो, इतक्या आनंदानं की आपल्याला त्याची पापी घ्यावीशी वाटते.

ही दुसरी बाजू मी पहिल्यांदा पूर्ण ऐकली २००१ साली. पहिल्या पगारातून सीडी घेतली. त्याविषयी सांगायचं ते पुढे सांगते.

माझ्या गाण्याच्या बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. पाश्चात्त्य संगीत त्यांनी फारसं ऐकलं नव्हतं, पण कुठल्याही गळ्याबद्दल त्यांना कुतूहल असायचं. एकदा शिकवणी संपल्यावर मी त्यांना 'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस' ऐकवलं. तीन मिनिटांचं गाणं, पियानो आणि आवाज. ह्याची गोष्टही मोठी. क्वीनच्या 'हॉट स्पेस'च्या वेळी सुरू झालेलं, १९८३ला मायकल जॅक्सनच्या लॉस एंजेलिसच्या घरी दोघांनी मिळून गाऊन पाहिलेलं, तसंच पडून राहिलेलं. शेवटी फ्रेडीनं ते एकट्यानं इथे घातलं. दोघांच्या आवाजातलं रूप बाहेर यायला २०१४ उजाडलं.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, "आवाजाला खर आहे गं. पण सुराला नाही." मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर, "वरच्या सुरावर जाताना हा दार ढकलत नाही, दार उघडंच असल्यासारखा जातो. शिकवलंय कुणी?" मी म्हटलं, "नाही, गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. पियानो शिकला लहानपणी. पाचगणीला." त्या चमकल्या. "आपल्या पाचगणीला?"

हे सांगितल्यावर मराठी माणसाचा चेहरा उजळतोच. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ला जन्मलेला फरोख बुलसारा, पारशी आईबापांचा मुलगा, आठव्या वर्षी बोटीनं मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला. तिथे पियानो शिकला, 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, तिथेच त्याला फ्रेडी म्हणायला लागले. १९६३ला तो झांझिबारला परतला, पुढच्या वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टमला गेलं. दादा आणि मी एकदा पाचगणीला गेलो असता शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. सिल्व्हर ओकची झाडं, लाल माती, धुकं. पण मी ह्या अल्बममध्ये पाचगणी शोधत नाही. ती तिथे नाही. एकही सूर असा नाही ज्यावर बोट ठेवून म्हणावं की हा आमच्याकडचा. शोधायला लागलं की आपण त्याचं गाणं सोडून आपला अभिमान ऐकायला लागतो. फाटकाशी उभी असताना माझ्या मनात एवढंच आलं, की आई-बाप समुद्रापलीकडे ठेवून इथल्या पावसात झोपणारं आठ वर्षांचं पोर रात्री कसं झोपत असेल.

बाईंनी आणखी एक मत दिलं, ते मी जपून ठेवलंय. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "ह्याची साथ ह्याचं ऐकत नाही. ठेका एकदा धरला तो धरला. हा किती वेळा थांबू बघतो, आणि ठेका थांबत नाही." अल्बमवर कर्ट क्रेसनं ड्रम वाजवलेत, काही यंत्रावर बांधलेले आहेत, आणि ऐंशीच्या दशकाच्या मधल्या त्या शैलीत दोन्हींतला फरक मुद्दामच पुसलेला असायचा. दादा इतकी वर्षं जे 'ब्रायन कुठाय' म्हणून सांगत होता ते बाईंनी एका वाक्यात सांगितलं. साथ ऐकत नाही. मला वाईट वाटलं, कारण खरं होतं. आणि त्याच दिवशी मला उमगलं की मला तेच आवडत आलंय. न ऐकणाऱ्या साथीपुढे हा माणूस किती जीव ओततो! अल्बम आल्यावर अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ला, लंडनच्या वेंब्ली मैदानावर 'लाइव्ह एड' ह्या मदतनिधीच्या जलशात क्वीननं वीसेक मिनिटांत सगळ्यांना गार केलं. त्यात ह्या अल्बममधलं एकही गाणं नव्हतं. ह्या गाण्यांसाठी फ्रेडीनं दौराही काढला नाही. जगातली माणसं त्याच्यासमोर हात वर करून टाळ्या वाजवत होती तेव्हा ही अकरा गाणी घरीच राहिली होती.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये 'नेव्हर बोअरिंग' नावाच्या संचात हा अल्बम पुन्हा निघाला, मूळ फितींवरून नव्यानं मिश्रण करून. प्रतिध्वनीचं धुकं कमी केलंय, आवाज पुढे आणलाय. दादानं मला त्या दिवशी फोन केला. "ऐकलंस? अगं, आता बरा वाटतोय." मी म्हटलं, "तूच म्हातारा झालास." तो म्हणाला, "असेल. पण 'मेड इन हेवन' काय गायलाय!" माझ्यापुरतं सांगायचं तर नवं मिश्रण स्वच्छ आहे, मन लावून केलेलं आहे, आणि मी ते फार लावत नाही. माझं दालन त्यात लहान झालं.

आता ते राहिलेलं. २००१ला सीडी घरी आणली, दार लावून ऐकायला बसले. माझी पाच गाणी संपली, सहावं सुरू झालं, तिथून सगळं नवीन. दहाव्या गाण्यातला रेगेचा ठेका ऐकून गंमत वाटली. मग अकरावं, 'लव्ह मी लाइक देअर्स नो टुमॉरो'. पियानोवर सावकाश चाललेलं, निरोपाच्या आधीची विनवणी. दोन-सव्वादोन मिनिटं झाली असतील आणि एकदम मला पुढचा सूर आधीच कळला. त्याच्या पुढचाही. शेवटचं दीड मिनिट मला पाठ होतं. मी ते गाणं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं आणि मला पाठ होतं.

मुलतानी. बाबांचं मुद्रण एकवीस मिनिटांचं होतं आणि दादानं भरलेली बाजू बावीस मिनिटांच्या वर. निवेदिकेनं सारंगीवाल्याचं नाव घेतलं की खट् असा आवाज व्हायचा, आणि कुठूनतरी मधूनच एक पुरुषाचा आवाज उगवायचा, पियानोसह, आणि थोड्या वेळानं विझायचा. मग खरखर. लहानपणभर दुपारी बाबा मुलतानी लावायचे आणि शेवटी तो तुकडा यायचा. ए बाजूवरच्याच माणसाचा तो आवाज आहे हे मला कधी सुचलंच नाही, इतका तो तिथे हळू आणि निराळा आहे. मला तो मुलतानीचाच शेवट वाटायचा.

मागच्या दिवाळीत दादानं ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली, फीत तुटायच्या आधी. बाबा आता सत्त्याऐंशीचे आहेत. आम्ही तिघं बसून मुलतानी ऐकला. निवेदिका आली, नावं झाली, खट् झालं, आणि तो आवाज उगवला. दादा माउसकडे हात नेऊन थबकला. "हे कापून टाकू का, बाबा?"

"का?" बाबा म्हणाले. "असू दे की. इतकी वर्षं ऐकतोय."

मग दादानं, ज्यानं ही कॅसेट एका रात्रीत नाकारली होती त्यानं, बाबांना सगळं सांगितलं. हा कोण, कधी गेला, हे गाणं कुठलं. आणि अख्खं गाणं पहिल्यापासून लावलं. बाबांनी पावणेचार मिनिटं मान किंचित वाकडी करून ऐकलं, ते नवीन गवयाला ऐकतात तसं. संपल्यावर काही वेळ गप्प बसले.

"सुरुवात काही मला लागली नाही," ते म्हणाले. "आपलं तेवढंच लाव. मुलतानीनंतरचं."

दादानं कॅसेटची फाइल उघडली, सारंगीवाल्याच्या नावापर्यंत मागे नेली आणि लावली.